ताटलीच्या बुडाचा तांबडा

सव्वीस वर्षं संस्थानचं भांडेघर सांभाळताना चिंतामणरावांचा आवाज दबून गेला होता. मोठ्याने बोललं तर काच तडकते, अशी त्यांची समजूत. पण त्या सकाळी राजवाड्यासमोरच्या टांग्यांचे घोडेही दचकले.

"घासल्या? बाराच्या बारा?"

"अकरा," जयसिंगराव म्हणाले. संस्थान विलीन झाल्यावर वाड्यातल्या वस्तूंची यादी करायला मध्यभारत सरकारने हे साहेब नेमले होते. "बुडाला गंज चढलेला, भिया. ग्वाल्हेरचे तज्ज्ञ येणार, त्यांना गंदगी दाखवायची? रेगमालच्या खरखरीत कागदाने घासून काढल्या. वर ऑइलपेंटने नंबर टाकले. एकदम नव्या!"

"जुन्या होत्या हो त्या! मातीला गंज चढतो का कधी?"

त्या हिरव्या चिनी ताटल्या. अन्नात विष असलं तर तडकतात, म्हणून महाराजांचं जेवण त्यांतच वाढत. वरची हिरवी झिलई कुणीही नकलेल. पण बुडाशी, जिथे झिलई संपते, तिथली उघडी माती भट्टीत तांबडी होते. वय तिथे वाचायचं. वय ठरलं तर संग्रहालय, नाही तर फुटक्या कपबशांबरोबर लिलाव.

दुपारी ग्वाल्हेरचे तज्ज्ञ दिनानाथजी आले. भिंग लावून अकराही बुडं त्यांनी पाहिली.

"काय लिहू? पुरावाच खरवडलाय. लिलावात काढा."

चिंतामणरावांची कानशिलं तापली. बारावी कुठे, म्हणून ते वळले. बारावी जयसिंगरावांच्या टेबलावर होती. तिच्यात पोहे होते, वर शेव.

त्यांनी ताटली उचलली आणि फायलीवर पालथी केली.

"अहो, नाश्ता माझा! तीन आठवडे रोज त्यातच खातो मी!"

बुडाशी तांबडं वर्तुळ जसंच्या तसं होतं. दिनानाथजींनी त्यावरून अंगठा फिरवला. "पाचशे वर्षं तरी. मिंग काळ. संग्रहालयात पाठवा."

"वही तो!" जयसिंगराव शेव झटकत म्हणाले. "नमुना म्हणून मीच मुद्दाम अलग ठेवली. लिहा तसं. चिंतामणजी, साक्षीदार म्हणून सही करा."

अहवालात तसंच लिहिलं गेलं. जयसिंगरावांची दक्षता दोन ओळी भरून उरली.

चिंतामणरावांनी टाक इतका दाबला की निब वाकली. सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'विष ओळखण्याचा गुण या ताटलीत नाही. तीन आठवडे साहेबांच्या पुढ्यात होती. तडकली नाही.'