बनुबाईनं निळं सांगितलं

राहीबाई आली ती भर दुपारी, मागच्या दारानं, आणि पदराखाली खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली लपवून. बनुबाईनं तिथंच ताडलं, की बाटली हिच्या घरातलीच आहे. लांबच्या नातेवाइकाची लघवी तपासायला आणणारी बाई उजळ माथ्यानं पुढच्या दारात उभी राहते. घरच्या माणसाची असली, की मागचं दार आठवतं.

चिंचखेडात आणि आसपासच्या गावांत साखरेच्या आजाराचं माणूस निघालं, की त्याची वाट बनुबाईच्या घरी यायची. नगरच्या दवाखान्यातले डॉक्टरच सांगायचे, की रोज एवढ्या लांब एसटीनं येत बसू नका, चिंचखेडला ती बाई आहे तिच्याकडे जा. बनुबाई काही शाळा शिकलेली नव्हती. हे तेवढं पोरीसाठी शिकली होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी आणायची. निळंच राहिलं तर देव पावला. हिरवं झालं तर जपून राहायचं, पिवळं झालं तर घाबरायचं, आणि भट्टीतल्या विटेसारखं लाल झालं तर धावायचं.

"माझ्या भावाची हाय, आक्का. राजूरच्या," राहीबाई म्हणाली.

बनुबाईनं बाटली हातात घेतली. राजूरहून डोंगर उतरून आलेली बाटली अजून कोमट होती. राहीबाई लाजेनं उंबऱ्याबाहेर तोंड करून बसली आणि बनुबाईनं दिवा पेटवला.

राहीबाई म्हणजे सहादेवची बायको. सहादेव म्हणजे गुऱ्हाळवाला. गावातलं एकमेव गुऱ्हाळ त्याचं, आणि गावातला सगळ्यात मोठा आवाजही त्याचाच. नळीतलं औषध खदखदलं, निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता लालभडक होऊन गाळ तळाशी बसला. इतका लाल रंग बनुबाईनं फार वर्षांत पाहिला नव्हता. तिच्या काळजात असा आनंद झाला, की तो आवाज करील अशी तिला भीती वाटली.

"काय निघालं वो?" राहीबाईनं मान न वळवता विचारलं.

"निळं हाय," बनुबाई म्हणाली. "काई न्हाई. बिनघोर जेवू दे तुझ्या भावाला."

राहीबाईनं वळून तिच्या पायाला हात लावला आणि ती आली तशी मागच्या दारानं गेली. बनुबाईनं नळी चुलीमागच्या राखेत पालथी केली. ते करताना तिचा हात जरासुद्धा थरथरला नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोक म्हणाले, की बाईची चूक झाली असेल, वय झालं. चूक कसली डोंबलाची. बनुबाईनं शुद्धीवर राहून, डोळे उघडे ठेवून खोटं सांगितलं.

आणि का सांगू नये? बनुबाईला एकच मुलगी होती, चांगुणा. नवरा लवकर गेला, तीन बिघे जमीन आणि ही पोर एवढंच मागं राहिलं. चांगुणा वयात आली आणि वाळायला लागली. घागरभर पाणी प्यायची तरी तहान भागायची नाही. एक दिवस विहिरीवर चक्कर येऊन पडली, तेव्हा नगरला नेली. तिथं कळलं, की पोरीला रोज सुई टोचावी लागेल, जन्मभर. आईनं उकळत्या पाण्यातून काचेची पिचकारी काढायला शिकून घेतलं. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायला शिकली. पोर पुन्हा भरली, हसायला लागली, खुरपायला जाऊ लागली.

मग सहादेवनं आपल्या पुतण्यासाठी, मच्छिंद्रसाठी तिला मागणी घातली. मच्छिंद्रचा बाप नव्हता, घरचा कर्ता सहादेवच. बनुबाईनं काही लपवलं नाही. ती आपणहून त्याच्या घरी गेली, दार लावायला सांगितलं आणि सुईचं सगळं सांगितलं. लपवून पोरगी उजवणारी आई ती नव्हे. सहादेव म्हणाला, की त्यात काय, आमच्या घरात खाण्याची ददात नाही, सुईचीही होणार नाही. बनुबाई तेव्हा रडली होती, चांगल्या माणसाशी गाठ पडली म्हणून.

साखरपुड्याच्या आठवड्यातच कोपरगावकडचं बागायतदाराचं स्थळ मच्छिंद्रला सांगून आलं. ते बनुबाईला कुठून कळणार? तिनं मांडव घातला, गाव जेवायला बोलावलं. चांगुणा पाटावर बसली, तिच्या ओटीत साखरेचा पुडा पडला, आणि तेवढ्यात सहादेव उठून उभा राहिला. त्यानं वाकून पोरीच्या ओटीतला पुडा परत काढून घेतला.

"ह्या पोरीच्या मुताला मुंग्या लागत्यात," तो भर मांडवात म्हणाला. "आमाला फसिवलं. सुया टोचून जगनारी सून आमाला नगं."

लोक हसले. हेच बनुबाई कधी विसरली नाही, की लोक हसले. चांगुणानं त्या दिवसापासून दंड पुढं करायचं बंद केलं. सुई नको म्हणाली, सुईशिवाय जगून दाखवते म्हणाली. आईनं पाया पडून बघितलं, मारून बघितलं. पोर आठवड्याभरात उलट्या करत, मोठमोठे श्वास घेत, आईच्या मांडीवर गेली. मच्छिंद्रचं लग्न त्याच महिन्यात कोपरगावला वाजतगाजत झालं.

तेव्हा लाल रंगाला निळा म्हणताना बनुबाईची जीभ अडखळली नाही, यात नवल काय?

गुऱ्हाळ लागलं. राहीबाईच्या मनातली भीती गेली आणि सहादेवचं तोंड गुळावर मोकळं सुटलं. कोणी तरी त्याला साखर कमी खा म्हणालं, तर तो मांडीवर थाप मारून हसला आणि म्हणाला, की माझ्या घरात साखर शिरलीच नाही कधी, आम्ही गूळ पिकवतो, गूळ खातो. साखर निराळी, गूळ निराळा, असं तो अगदी मनापासून मानत होता. गुऱ्हाळवाल्यांनाच ही बुद्धी सुचते. त्यात गुऱ्हाळात सदा माश्या आणि मुंग्या, त्यामुळे मोरीवर मुंग्यांची रांग लागली तरी कोणाला वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

पुढं कळलं, की तोडलेल्या उसाचं टोकदार बुडूख पायात घुसून त्याच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरत नाही. मग कळलं, की त्याला बायकोच्या लुगड्याचे काठही नीट दिसत नाहीत. प्रत्येक बातमी बनुबाई सणाच्या घासासारखी सावकाश खायची. ती कोणाशी बोलायची नाही, फक्त त्या दिवशी भाकरी जास्त जायची तिला. एक दिवस मात्र ऐकून भागेना. आपल्या डोळ्यांनी बघावं असं वाटलं, आणि ती सकाळीच उठून गुऱ्हाळावर गेली.

गुऱ्हाळाचा एक धर्म असतो. तिथं आलेलं माणूस, मग तो वैरी का असेना, गूळ खाल्ल्याशिवाय परत जात नाही, आणि मालकानं त्याच्यासोबत खायचा असतो. मालकानं नाही खाल्ला तर त्या काईलीला, रस उकळायच्या त्या कढईला, बरकत नाही म्हणतात. सहादेव बाजेवर बसला होता, पायाला फडकं गुंडाळून. तो निम्मा झाला होता. बनुबाईला बघून त्यानं तोंडभरून "या वैनी" म्हटलं, गरम गुळाचा गोळा पळसाच्या पानावर मागवला, अर्धा तिला दिला आणि अर्धा आपण तोंडात टाकला.

बनुबाई बघत राहिली. तो चघळत होता, बोटं चाटत होता, आणि लगेच वर तांब्याभर पाणी प्यायला. मग अजून एक गोळा मागवला. बनुबाईला वाटलं, आता आपल्याला काही नको, एवढं बघितलं, पुरे. सात वर्षं जे निखारे उराशी धरले होते त्यांची ऊब आज अंगाला लागली. सुखाच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं, "आज चांगुणा असती तर तिची पोरं ह्या गुऱ्हाळात खेळली असती."

सहादेवनं कपाळाला आठ्या घातल्या. खरोखर आठवायचा प्रयत्न केला त्यानं.

"कोन चांगुणा?" तो म्हणाला.

तो नाटक करत नव्हता. बनुबाईनं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि तिला कळलं, की ह्याला खरंच आठवत नाही. आपल्या पोरीला त्यानं मारलं आणि तो ते विसरून गेला, मांडवातली एखादी पत्रावळ उचलून टाकावी तसा. म्हणजे उद्या हा मरेल, गाव खांदा देईल, राहीबाई ऊर बडवील, आणि ह्याला शेवटपर्यंत कळणार नाही, की आपण कशानं मेलो आणि कोणासाठी. हा सूड कसला? ही तर माफीच झाली.

सहादेवनं दुसरा गोळा तोंडाशी नेला होता. बनुबाईनं त्याचं मनगट धरलं. परक्या बाप्याचा हात बाईनं भर गुऱ्हाळात धरलेला बघून चुलाणात उसाचं चिपाड सारणारा गडीही थांबला.

"टाक तो गूळ," ती म्हणाली. "तुझ्या बायकूनं बाटली आनली हुती. रंग लाल आला. मी निळा सांगितला. मराया सोडलं हुतं तुला, सहादेवा."

त्याच्या हातातला गोळा पडला. मग बनुबाईनं त्याला मांडव सांगितला, पाट सांगितला, ओटीतून काढून घेतलेला पुडा सांगितला, आणि पोर कशी गेली ते सांगितलं. ओरडून नाही, बाजारभाव सांगावा तशा आवाजात. ऐकता ऐकता त्याला आठवलं, हे तिला त्याच्या तोंडावर दिसलं, आणि मगच ती उठली.

त्याच दिवशी त्याला नगरला नेलं. दोन बोटं कापावी लागली. वेळेवर आला असता तर एकही गेलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला तो वाचला, पण घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, की आता रोज सकाळी लघवी तपासायची आणि रंग बघून सुई घ्यायची. तुमच्या गावात एक बाई आहे, तिच्यासारखी तपासणी आमचा कंपाउंडरही करत नाही. सहादेवनं दुसरं कोणी विचारून पाहिलं. राहुरीला एक जण होता, पण लंगड्या पायानं रोज राहुरीला कोण जाणार? स्वतः टोचून घ्यायची तर सुई बघूनच त्याला घाम फुटायचा. राहीबाईनं तर सुई धरायला सांगू नका म्हणून हात जोडले.

राहीबाईच आधी आली, या वेळी पुढच्या दारानं. ती भांडली असती तर बनुबाईला बरं वाटलं असतं. ती नुसती उभी राहिली.

"आक्का, त्यांनी केलं ते केलं," ती म्हणाली. "पन मी तुमच्या पाया पडले हुते. माझ्या इस्वासाचं काय केलंत तुमी?"

बनुबाई इतकंच म्हणाली, की उद्यापासून त्याला पाठव, पण तू बाटली आणायची नाहीस. ज्याची आहे त्यानं आणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेव काठी टेकत आला. पारावर माणसं बसलेली होती. त्यानं बाटली उपरण्याखाली धरली होती. बनुबाई दारात उभी होती. तिनं उपरण्याकडे पाहिलं आणि त्याला परत घरी पाठवला.

"उघडी धरून ये," ती म्हणाली. "कोनी इचारलं तर सांग काय हाय ते."

तो गेला. बनुबाईला वाटलं, आता येत नाही. पण मरणाची भीती अब्रूपेक्षा मोठी असते, निदान सहादेवसारख्यांची. थोड्या वेळानं तो गावाच्या मधल्या रस्त्यानं परत आला, हातात बाटली उघडी धरून, खाली मान घालून. पारावर कोणीतरी काहीतरी विचारलं. त्यानं थांबून उत्तर दिलं. या वेळीही काही लोक हसले, आणि बनुबाईनं ते हसणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग तिनं दिवा पेटवला, आठ थेंब टाकले. रंग लाल आला. नळी तिनं त्याच्या डोळ्यांपुढं धरली आणि त्याला दिसेपर्यंत धरून ठेवली. पिचकारी उकळून काढली, औषध मोजून भरलं, हवेचा बुडबुडा टिचकी मारून काढला. हे सगळं तिनं तितक्याच निगुतीनं केलं, जितक्या निगुतीनं ती पूर्वी पोरीसाठी करायची. सहादेवनं बाही वर केली आणि डोळे मिटून घेतले. सुई दंडाजवळ येऊन थांबली.

"कोनाची आई मी?" बनुबाईनं विचारलं.

त्यानं डोळे उघडले. दारात राहीबाई उभी होती, रस्त्यावर दोन-चार माणसं रेंगाळत होती.

"चांगुणाची," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"चांगुणाची आई," सहादेव म्हणाला, रस्त्यावर ऐकू जाईल असं. तेव्हा तिनं सुई टोचली.

कापसानं दंड चोळताना त्यानं हळूच विचारलं, की असं किती दिवस चालायचं.

"मरेपतूर," बनुबाई म्हणाली. "आन मी तुला लवकर मरू देनार न्हाई."