धनाजीच्या नावाचं रक्त

नळीवरची चिकटपट्टी — धनाजी शिंदे, वय पंचावन्न — आणि नळीत रक्त कृष्णातचं. आत्ताच हातातून काढलेलं, अजून कोमट असणार. सिस्टर सोनमनं नळी यंत्रात ठेवून झाकण लावेपर्यंत तो पट्टीच वाचत राहिला. तुर्भ्याच्या बाजारात एकोणतीस वर्षं गोणी वाहिल्या त्या याच नावानं, आणि आता गुडघा गेला तोही याच नावावर मांडला जाणार.

थोरला भाऊ धनाजी काविळीनं गेला तेव्हा कृष्णात सतराचा. हमालांच्या टोळीतला बिल्ला वाया जाऊ नये म्हणून बापानं कुणाकुणाला धरून फोटो तेवढा बदलून घेतला. “नाव कुनाचं का आसंना, पाठ तुजी हाय,” म्हणाला. पोरगं एका दिवसात नऊ वर्षांनी थोरलं झालं. जन्मतारीखही बदलावी लागली नाही, गुरुजींनी दोघांची एक जूनच टाकलेली... साल तेवढं दादाचं.

मघाशी डॉक्टर सुनयनाबाईंनी नीट समजावलं होतं. गुडघ्यातली चांगली कूर्चा चिमूटभर काढायची, तिच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि झिजलेल्या जागी भरायच्या. “पण पन्नाशीच्या आतल्यांनाच करतो आम्ही. तुमचं वय बसत नाही, काका. तुमच्याच रक्तातला पिवळा भाग काढून इंजेक्शन देते, काही महिने बरं वाटेल.” मग सहज म्हणाल्या, “आणि पेशी ज्याच्या त्यालाच लागतात. सख्ख्या भावाच्याही चालत नाहीत.”

सख्ख्या भावाचं सगळं चाललं की, बाई. नाव, बिल्ला, आधार कार्ड, लग्नपत्रिकासुद्धा. मी शेहेचाळीसचा आहे, एवढंच म्हणायचं होतं... पण शेजारी बायको, बाळाबाई, बसलेली. सकाळीच तिनं बजावलं होतं, “आता तोंड उघडू नका. बिल्ला जाईल, फंड अडकंल. लंगडत ऱ्हावा, पर नाव तेच ऱ्हाऊ द्या.” तिचंही काय चुकलं? तरी त्या क्षणी त्याला तिचा राग आला.

यंत्र घुमत राहिलं. इतकी वर्षं एकच सुख त्यानं मनात दडवून ठेवलं होतं — कागदावर साठ झाली की बिल्ला उतरवून ठेवायचा, तेव्हा आपण खरे एक्कावन्नचेच. मग गावी कृष्णात म्हणून ताठ फिरायचं, पाहिजे तेवढं. आता गावी जाऊन काय, ओट्यावर बसायचं.

सोनमनं सुई भरली. नळीत वर साठलेलं फिकट पिवळं पाणी, बस्स. “नाव सांगा काका. विचारावं लागतं.”

बाळाबाईनं पदर घट्ट धरला.

“धनाजी,” तो म्हणाला.

डॉक्टरांच्या हातून सुई गुडघ्यात गेली, कळ मांडीपर्यंत चढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दादाला मनातून शिवी हासडली — तू सव्विसाव्या वर्षी धड गुडघे घेऊन सुटलास, लेका, आणि म्हातारपण तेवढं माझ्या अंगावर टाकून गेलास. एकोणतीस वर्षांत सर्वपित्रीला दादाचा घास ठेवला नव्हता. जित्या माणसाला घास कसा ठेवणार? यंदा ठेवायचा, त्यानं ठरवून टाकलं. पण कुणाचं नाव घेऊन... धनाजीचं की कृष्णातचं, ते त्याला ठरवता येईना.