बेव्हर्लीबाईंची कुत्री

"इन्व्हरकार्गिलहून बेव्हर्ली आल्या आहेत. स्वागत, बेव्हर्ली," लॅपटॉपमधला ब्रेंट म्हणाला, आणि एरॉल टेटने झटकन तोंड मागे घेतलं, जणू ब्रेंटला इकडचं दिसत होतं.

"बेव्हर्ली म्हणजे तू?" ओव्हनपाशी चीज रोल भाजणाऱ्या त्याच्या बायकोने, नोलीनने विचारलं.

"हळू बोल."

"अरे, पण तुझ्या आईचं नाव?"

"तेच पहिलं सुचलं."

"बिचारी. जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आता कुत्रं शिकवायला बसली."

रविवारचे दुपारचे दोन वाजले होते. पडद्याच्या कोपऱ्यात ४१२ हा आकडा होता. एरॉलने आल्याआल्या तोच पाहिला होता आणि तेव्हापासून त्याचा चहा तसाच होता. ब्रेंट सोपर मेंढ्या वळणारा कुत्रा आठ आठवड्यांत तयार करण्याचा ऑनलाइन कोर्स विकायचा, आणि तो खपावा म्हणून दर महिन्याला असा फुकट लाइव्ह कार्यक्रम घ्यायचा. लोक घरबसल्या प्रश्न विचारायचे, मतं द्यायचे, हात वर करायचे आणि शेवटी पैसे भरायचे.

कोर्स एरॉलचाही होता. त्याचाही लाइव्ह कार्यक्रम मे महिन्यात झाला होता. चार जण आले होते. एक नोलीन, शेजारच्या खोलीतून. एक एरॉल स्वतः, दुसऱ्या फोनवरून, कारण आकडा अगदीच बारीक दिसायला नको. एक फिनलंडचे गृहस्थ, त्यांनी हे मांजराला लागू पडेल का असं विचारलं. चौथं कोण होतं ते कळलं नाही. ते शेवटपर्यंत थांबलं, पण मधूनमधून घोरत होतं.

आणि हा ब्रेंट शिकला कुठे, तर एरॉलच्या कुंपणावर बसून. खाटीकखान्यातली नोकरी गेल्यावर आला आणि चार वर्षं राहिला. शिट्टीसकट सगळं उचललं. या भागात प्रत्येकाची शिट्टी वेगळी असते, आणि शिकून बाहेर पडणाऱ्याने गुरूची शिट्टी मागे ठेवून स्वतःची बसवायची, अशी रीत आहे. नाहीतर टेकडीपलीकडे कोणी वाजवली की अलीकडचा कुत्रा कामाला लागतो. ब्रेंट एरॉलचीच शिट्टी घेऊन वानाका गावी गेला. तीच तो आता चारशे बारा लोकांना वाजवून दाखवत होता, आणि एरॉलचं नाव त्याने एकदाही घेतलं नव्हतं. एरॉलने त्याचे आजवरचे नऊच्या नऊ कार्यक्रम पाहिले होते, त्यामुळे याबद्दल त्याची खात्री होती.

इतके दिवस तो कानात इयरफोन घालून पाहायचा. आज नोलीन म्हणाली, मलाही ऐकू दे, तू एकटाच किती जळशील.

"आता आपण चिठ्ठी काढू," ब्रेंट म्हणाला. "एका नशीबवान माणसाच्या कुत्र्याला आत्ता, सगळ्यांसमोर, पहिला धडा."

पडद्यावर रंगीत चक्र फिरलं आणि थांबलं. बेव्हर्ली.

एरॉल आयुष्यात कुठल्याच सोडतीत जिंकला नव्हता. चर्चच्या जत्रेत त्याने एकदा सलग तीस तिकिटं घेतली होती, तरी बक्षिसाचा हॅम एकतिसाव्याला गेला.

"बंद कर ते," नोलीन म्हणाली.

"ते कॅमेरा मागतायत. तू बस."

"मी? मी कुठली बेव्हर्ली?"

"मग काय मी दिसतो बेव्हर्ली?"

नोलीन हात पुसत खुर्चीत बसली. लग्न होऊन ती या घरात आली ती ब्रेंट गेल्यावर, त्यामुळे तो तिला ओळखत नव्हता. एरॉल कोठीच्या खोलीत शिरला आणि बीटच्या बरण्यांच्या मधून, दाराच्या फटीतून पाहू लागला.

"बेव्हर्ली, कुत्रा आहे ना जवळ?"

"कुत्री आहे. बाहेर व्हरांड्यात झोपलीय."

"काही शिकवलंय तिला?"

"मी तिला बिस्किटं देते."

"उत्तम. म्हणजे पाटी कोरी. आता मी एक शिट्टी वाजवतो. ती काहीही करणार नाही. ते सगळ्यांनी नीट बघा, कारण आपली सुरुवात तिथूनच असते."

त्याने दोन बोटं तोंडात घातली.

दोन वर्षांपूर्वी एरॉलचे पुढचे दात काढले होते. कवळी आली, शिट्टी गेली. बोटं घातली की हवा यायची आणि थोडी लाळ. तेव्हापासून तो आपल्या कुत्रीला, टिबला, तोंडी हुकूम द्यायचा. टिब ऐकायची, पण सरकारी कारकुनासारखी. सांगितलं तेवढं, वेळेत, डोळ्यांत काही नाही.

ती टिब आता उठली. झोपलेली टिब आणि धावणारी टिब यांच्यामध्ये एकही पायरी नव्हती. घरामागच्या कुरणात सात मेंढ्या चरत होत्या. उजवीकडून मोठा वळसा घेऊन, पोट गवताला घासत ती त्यांच्यामागे पोचली आणि थांबली.

"अगं बाई, गेली की," नोलीन म्हणाली, आणि तिने लॅपटॉप उचलून खिडकीकडे वळवला.

ब्रेंटने सवयीने दुसरी शिट्टी दिली. मग तिसरी. तीन मिनिटांत सातही मेंढ्या व्हरांड्यात दाटीने उभ्या होत्या आणि एकीचं डोकं उघड्या दारातून आत, चीज रोलच्या दिशेने आलं होतं.

लोकांचे निरोप भराभर वर सरकू लागले. हे किती दिवसांत जमतं? जागा आहेत का? चाळीस जागा उरल्या होत्या, त्यांच्या एकतीस झाल्या, मग बारा. मांजराला लागू पडेल का, असं एकाने विचारलं. एरॉलला ते फटीतूनसुद्धा वाचता आलं. फिनलंडचा तो माणूसही इकडेच येऊन बसला होता. ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

ब्रेंट मात्र पडद्याजवळ झुकून कुत्रीकडे बघत होता.

"बेव्हर्ली," तो म्हणाला, "कुत्रीचं नाव काय?"

नोलीनने कोठीकडे पाहिलं. एरॉलने जोरजोरात मान हलवली.

"टिब," नोलीन म्हणाली. तिला रविवारी फार खोटं बोलता येत नसे, आणि बेव्हर्लीवर आजचा सगळा साठा संपला होता.

टिब पिल्लू असताना तिला बाटलीने दूध ब्रेंटने पाजलं होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. टोपीवर कोर्सचं नाव होतं.

"मंडळी, पैसे भरायचं जरा थांबवा," तो म्हणाला. "या कुत्रीची पाटी कोरी नाही. आणि ही शिट्टी माझी नाही. एरॉल टेट म्हणून आहेत, त्यांची आहे. ते घरात असतील तर त्यांनीच तिला परत बोलवावं. आता मी वाजवणं बरं नाही."

या वाक्यासाठी एरॉल नऊ कार्यक्रम बसला होता. ते आलं, आणि येताना ही शिट्टीची मागणी घेऊन आलं.

चारशे बारा लोक थांबले. निरोपही थांबले. बाहेर टिब मान खाली घालून मेंढ्या धरून होती. पुढची शिट्टी आल्याशिवाय ती हलणार नव्हती. बीटच्या बरण्यांमध्ये एरॉलने दोन बोटं तोंडात घातली. हवा आली.

नोलीनला ते ऐकू गेलं. "ब्रेंट, त्याचं काय आहे," तिने सुरुवात केली, "त्याचे ना—"

"दातांचं काढू नकोस," एरॉल दबक्या आवाजात म्हणाला आणि कोठीतून बाहेर आला. लॅपटॉपसमोरून तो न थांबता गेला. चारशे बारा लोकांना एका हिरव्या स्वेटरचा मधला भाग दिसला. दारातल्या मेंढीला गुडघ्याने बाजूला सारून तो व्हरांड्यात उतरला आणि टिबजवळ जाऊन त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुरे, टिब."

ती लगेच बसली. मेंढ्या पायऱ्या उतरून कुरणात गेल्या. सगळं नियमाप्रमाणे झालं. फक्त टिब त्याच्याकडे बघत नव्हती. शिट्टी आली होती त्या खिडकीकडे ती बघत होती.

एरॉल दोन पावलं टाकून तिच्या आणि खिडकीच्या मध्ये उभा राहिला. टिबने त्याच्या पायाच्या डावीकडून मान काढली. तो डावीकडे सरकला. तिने उजवीकडून काढली.

"एरॉल आले का?" आतून ब्रेंटचा आवाज आला, आणि टिबचे कान उभे राहिले.

एरॉल उजवीकडे सरकला.