आदेशाचं दुसरं कलम

कोर्टाच्या दाराशी शिपायानं ओमिर्झाकला अडवलं.

"आगा, घराचं दार काढून आणलंत की काय?"

"जाळं आहे. वाकत नाही, म्हणून दारासारखं दिसतंय."

जाळं खरोखरच फळीसारखं ताठ होतं. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ओमिर्झाकनं ते अरल समुद्राच्या बर्फाखालून ओढून काढलं आणि रात्रभर ट्रकच्या उघड्या हौद्यात ठेवलं. आदेशात लिहिलं होतं, तसंच.

आदेश डिसेंबरात निघाला होता. मासेमारीवर देखरेख करणाऱ्या कचेरीचा, दोन कलमांचा. पहिलं कलम : प्रत्येक जाळं सूर्यास्ताआधी पाण्याबाहेर हवं. दुसरं : एप्रिल आणि मे महिन्यांत नदीच्या मुखाशी मासेमारी पूर्ण बंद. पहिलं कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होडी असणार. काराशोकी गावची माणसं हिवाळ्यात होडी वापरत नाहीत. बर्फाला ओळीनं भोकं पाडायची, लांब काठीनं दोरी एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत ढकलायची, तिच्यामागून जाळं ओढायचं आणि दोन रात्री खाली राहू द्यायचं. रोज वर काढलं तर ते हवेत आल्या आल्या गोठतं आणि घडी घालताना काडकाड तुटतं.

जानेवारीत कचेरीनं गावच्या मच्छीमार गटाची तीस जाळी जप्त केली आणि परवाना रद्द करण्याची नोटीस धाडली. गटात नऊ घरं होती. ओमिर्झाक त्यांचा म्होरक्या.

"ते बाहेर ठेवा, आगा," मार्झान म्हणाली. काराशोकीचीच मुलगी, आता शहरात वकील. "आदेश शहाणा की खुळा, हे कोर्ट बघणार नाही. असा आदेश न्याय खात्यात नोंदवावा लागतो, जाहीर करावा लागतो. यांनी नुसता फळ्यावर डकवला. आपला मुद्दा एवढाच."

"तुझा मुद्दा तू मांड. माझा मी खांद्यावर आणलाय."

"देवा! बरं, बोलू मात्र नका."

न्यायाधीश बाई किडकिडीत होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कचेरीच्या वतीनं दौरेन नावाचा अधिकारी उभा होता. बाईंनी त्याला नोंदणीचा क्रमांक विचारला. त्यानं कागद उलटे केले, सुलटे केले.

"प्रक्रिया चालू आहे, बाईसाहेब."

"आणि जाळी?"

"ती... जप्त केली आहेत."

"म्हणजे बाळ जन्मायच्या आधीच शाळेत घातलंत."

मागच्या बाकांवर हशा पिकला. दौरेनचे कान लाल झाले, पण तो कच्चा नव्हता.

"बाईसाहेब, आदेश गेला तर दुसरं कलमही जाईल. ऐन विणीच्या दिवसांत हे लोक नदीच्या मुखाशी जाळी लावतील. त्यांनाच विचारा."

बाईंनी चष्म्यावरून ओमिर्झाककडे पाहिलं. "दुसऱ्या कलमाबद्दल तुमचं म्हणणं काय?"

मार्झाननं टेबलाखालून त्याची बाही ओढली. गप्प बसला असता तर काही बिघडलं नसतं. ओमिर्झाक उठला.

"दुसरं कलम बरोबर आहे."

मार्झाननं डोळे मिटले. दौरेन पुढे सरसावला. "ऐकलंत? आदेश मान्य आहे त्यांना!"

"पोरा, नीट ऐक. कलम बरोबर आहे म्हणालो, आदेश मान्य आहे म्हणालो नाही." ओमिर्झाकनं आवाज चढवला नाही. "ते कलम आमचंच आहे. समुद्र आटला तेव्हा माझ्या बापानं होडी विकली आणि बावीस वर्षं उंट राखले. पाणी परत आलं, त्या पहिल्या वसंतात त्यानं गाव गोळा केलं. नदीकाठच्या बोरूच्या गवताला हिरवा कोंब दिसला की गावातली सगळी जाळी एका घरी जमा करायची. मासे अंडी घालून परत फिरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आता ती माझ्या घरी जमा होतात. किल्ली बायकोकडे असते. मी मागितली तरी ती देत नाही."

"हे कुठे लिहून ठेवलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग तुमचाही नियम बिननोंदणीचाच."

पुन्हा हशा. ओमिर्झाकही हसला.

"खरंय, बाईसाहेब. पण त्या नियमानं आम्ही आम्हालाच बांधलंय. दुसऱ्याची जाळी उचलून नेली नाहीत."

एव्हाना बाकाला टेकवून ठेवलेल्या जाळ्यावरचा बर्फ वितळू लागला होता. पाण्याचा ओघळ फरशीवरून दौरेनच्या बुटांपर्यंत गेला. त्यानं पाय मागे घेतला. बाई लिहीत होत्या.

दुपारी निकाल वाचला गेला. नोंदणी नाही, प्रसिद्धी नाही, म्हणून आदेश दोन्ही कलमांसह बाद. जाळी परत करा, परवान्याची नोटीस रद्द. दुसरं कलम कचेरीला हवं असेल, तर तिनं ते रीतसर करावं.

बाहेर आल्यावर मार्झान म्हणाली, "आगा, तुम्ही माझा जीव घेतला होता."

"तू जिंकलीस ना?"

"मी जिंकले. पण शेवटी बाई तुमच्याकडे बघत होत्या."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दौरेनची जीप नदीच्या मुखाशी आली. तो किनाऱ्यानं दूरवर चालत गेला. पाण्यात एकही खुंटा नव्हता, एकही दोरी नव्हती. मग तो गावात आला. ओमिर्झाकच्या बायकोनं, बिबिगुलनं, कोठार उघडून दाखवलं. जाळी छतापर्यंत रचली होती आणि त्यांतल्या तीस जाळ्यांवर कचेरीचं सील अजून तसंच होतं.

"सीलसुद्धा काढलं नाहीत?"

"बर्फ होता तोवर दुसऱ्या जाळ्यांवर भागवलं. नंतर कोंब फुटला," बिबिगुल म्हणाली. "घाई काय? चहा घ्या."

चहाबरोबर बाउर्साक आले, कणकेचे तळलेले गोळे. दौरेननं पिशवीतून एक कागद काढला. नवा आदेश, नोंदणीला पाठवायच्या आधीचा मसुदा.

"पहिलं कलम काढलंय, आगा. दुसरं वाचून बघाल?"

ओमिर्झाकनं चष्मा लावला आणि दोनदा वाचलं.

"तारीख चुकलीय."

"एक एप्रिल. तुमच्या भल्याचीच..."

"वीस मार्च लिही. काही वर्षी बोरू लवकर फुटतो."

दौरेननं चहाचा पेला खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही सरकारपेक्षा जास्त दिवस बंद ठेवता?"

"लिही वीस मार्च," ओमिर्झाक म्हणाला. "आणि या वेळी नोंदवून आण. तोवर आमचं चालूच आहे."

बिबिगुलनं कोठाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.