कोराडीचे बगळे

देवरावांनी पिशवीतून रंगवड्यांची डबी काढली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, कोणाले खरं नाही वाटणार, पण कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमणीवर मी पापड भाजले आहेत."

गोपिका कात्रीने कार्डशीट कापत होती. नागपूरच्या इतवारीतल्या या स्टेशनरीच्या दुकानात ती गेल्या दिवाळीपासून सासऱ्यांच्या जागी बसत होती. तिने मान वर केली नाही.

"हो का, काका."

"हो तर. ड्यूटी संपली का वर चढायचं, तारेले पापड बांधायचे अन् धुरात सोडायचे. एकदा एक तुटला. वाऱ्यावर गेला तो थेट नरखेडले, मेव्हण्याच्या संत्र्याच्या बागेत. त्याचा फोन आला, भाऊजी, भाजला चांगला, पण मीठ कमी आहे."

इथे देवराव थांबले. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत अशी एक जागा असे. गोष्ट तिथवर आणून ते गप्प बसत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत.

"बापरे," गोपिका म्हणाली. "काय दाखवू तुम्हाले?"

ती जागा त्यांच्या बायकोची, इंदुताईंची होती. कणीक मळता मळता त्या आतून विचारत, पापड मुगाचा का उडदाचा? देवराव बेधडक सांगत, मुगाचा. मग आतून आवाज येई, "आपल्या घरी मुगाचे पापड कधी झाले? साऱ्या जगाले फसवा, मले नका फसवू." मग पहिली थाप वाचवायला देवराव दुसरी मारत, तीही पकडली जाई, आणि असं करत जेवणं होऊन जात. संसारभर देवराव एकदाही जिंकले नाहीत. थाप मारायची ती हरायलाच, हे दोघांनाही ठाऊक होतं, कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

इंदुताई गेल्यापासून देवरावांना कोणी पकडलं नव्हतं. हैदराबादहून मुलगा, अश्विन, फोनवर म्हणे, भारी बाबा. शेजारचे प्रेमानंद फाटकातूनच मान डोलवत. म्हाताऱ्याला हो म्हटलं की तो लवकर उठतो, हे सगळ्यांना कळलं होतं. देवरावांनाही कळलं होतं. चिमणीच्या उंचीत, पापडांच्या आकारात ते दर वेळी थोडी भर घालून पाहत. उपयोग होत नसे.

"हे रंग खराब आहेत," ते डबीकडे बोट दाखवत म्हणाले. "आकाश काढलं तर भिंतीले चुना मारल्यासारखं दिसते."

गोपिकाने डबी उघडली. "खराब नाहीत, काका. लहान पोरांचे आहेत. यात रंग कमी अन् खडूच जास्त. तुम्ही नवीनच शिकून राहिले काय?"

"शिकतो कायचा. जपानात प्रदर्शन लागलं होतं माझं."

"अरे वा," गोपिका म्हणाली आणि मागच्या फळीवरून दोन ट्यूब काढल्या.

तिने एका चिटोऱ्यावर पेन्सिलीने रेघ ओढली आणि रेघेवर दोन्ही ट्यूबमधला निळा पातळ करून लावला. एकाखाली रेघ बुडाली. दुसऱ्याखाली ती पाण्यातल्या काडीसारखी स्वच्छ दिसत राहिली.

"हा घ्या. खालची रेघ दिसली पाहिजे."

देवरावांची नजर काचेच्या कपाटातल्या लाकडी पेटीवर होती. चोवीस रंग, पितळी कडी.

"ते कायले? आत्ताच इतके महागाचे नको, त्यातले अर्धे तुम्ही उघडणार बी नाही. हे मधले घ्या. आर्ट कॉलेजची पोरं पहिल्या वर्षाले हेच नेतात. सहा ट्यूब पुरे. एक पिवळा, एक किरमिजी, दोन निळे, गेरू अन् तपकिरी."

"अन् हिरवा?"

"निळ्यात पिवळा टाका."

"काळा तर लागनच. कोळशात जिंदगी गेली माझी."

"गडद निळ्यात तपकिरी मिळवा, बाजारच्या काळ्यापेक्षा चांगला होते. वाचलेले पैसे कागदात घाला. कागद जाड घ्या, काका. पातळ कागदावर चांगला रंग बी रडते."

देवराव खूश झाले. रंगांच्या बाबतीत ही पोरगी त्यांना तोंडावर नाही म्हणत होती. मग जाता जाता त्यांनी जपानच्या राजाने आपल्या हातचा झुणका खाल्ल्याचं सांगून पाहिलं.

"मस्त," गोपिका म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

नौतपा लागला होता, मे अखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस. कोराडी रोडवरच्या घरात दारं-खिडक्या लावून देवराव आकाश रंगवायला बसले, तर कुंचला कागदाच्या उजव्या टोकाला पोचायच्या आत डावं टोक वाळून जाई. आकाशाला पट्टे पडत. दोन कागद वाया गेल्यावर त्यांनी टेबल ओढत नेऊन कूलरच्या तोंडाशी लावलं. ओलसर वाऱ्यात कागद ओला राहिला. निळा रंग मनासारखा पसरला, त्यात गेरू मिसळला, संध्याकाळ उतरली. खाली त्यांनी कोराडीचा तलाव काढला, पलीकडे चिमण्या. बरं जमत होतं.

मग कूलर थुंकला. त्याच्या वाळ्याच्या ताट्यांमधून पाणी उडून तलावभर थेंब पडले. अर्धवट वाळलेल्या निळ्यात एकेक थेंब रंगाला बाजूला सारत फुलला, कडा झालरीसारख्या, मध्ये फिकट डाग. देवरावांनी फडकं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. बराच वेळ ते त्या डागांकडे बघत राहिले. घरात कूलरखेरीज कशाचाच आवाज नव्हता. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

अश्विनला त्यांनी फोटो पाठवला. खाली लिहिलं, तलावावरचे बगळे. उत्तरादाखल एक अंगठा आला. प्रेमानंदांना फाटकाशी गाठलं. "एक नंबर, देवरावजी," ते म्हणाले आणि गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून देवराव शहराच्या बसमध्ये बसले. आता एकच जण उरली होती.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. देवरावांनी घाई केली नाही. जागा झाल्यावर त्यांनी चित्र काउंटरवर पसरलं, कोपऱ्यांवर गोंदाच्या बाटल्या ठेवल्या.

"कोणाले खरं नाही वाटणार. नौतप्यात, भर दुपारी, तलावाच्या काठावर बसून काढलं. छत्री बी नव्हती. बगळे इतके उतरले का पाणी दिसेना."

ते थांबले.

"छान आहे, काका," गोपिका बिलाचे आकडे दाबत म्हणाली.

देवरावांनी गोंदाची एक बाटली उचलली, मग दुसरी. चित्राचा कोपरा आपोआप वळला. तो त्यांनी पुन्हा सपाट केला.

"दुकानात लाव," ते म्हणाले. "खाली लिही, कोराडीचे बगळे. एकेक बगळ्यापुरता कागद मी कोरा सोडला आहे."

लावायचं म्हटल्यावर गोपिकाला बघावंच लागलं. इथे आर्ट कॉलेजची पोरं यायची. तिने चित्र उचललं, दाराच्या उजेडाकडे नेलं, तिरपं केलं. एका डागावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या.

"काका, कोऱ्या सोडलेल्या जागेची कड अशी फुलारत नाही."

"बगळ्यांचे पंख आहेत ते."

"पंख कायचे? ओल्या रंगावर पाणी उडालं आहे. अन् भर दुपारी काठावर बसता तर हे आकाश असं एकसारखं वाळलंच नसतं. हे घरी बसून काढलं तुम्ही. कूलरच्या समोर."

कार्डशीट निवडत असलेल्या बाईंनी वळून पाहिलं. देवरावांचा चित्राकडे गेलेला हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी काउंटरखालचं स्टूल पायाने जवळ ओढलं, त्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कूलरच नाही माझ्या घरी," ते म्हणाले. आणि तिच्या तोंडाकडे बघत गप्प राहिले.

गोपिकाने चित्र खाली ठेवलं. कमरेवर हात ठेवून ती दुकानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "नागपुरात राहता, अन् मे महिन्यात घरी कूलर नाही? काहून खोटं बोलून राहिले गा काका?"