भांडुपच्या खाडीतली मोटर

मी होडीच्या मागच्या फळीला लटकणारी मोटर बोलतेय. तेल पिऊन धूर सोडणारी नव्हे. मी बॅटरीवर चालते. वर हँडल, मध्ये लांब दांडा आणि पाण्याखाली पंखा, एवढाच माझा देह.

सहा वर्षांपूर्वी खोक्यातून निघाले ती थेट भांडुपला, चंद्रप्रकाश यांच्या घरी. छापखान्यात पुस्तकं बांधणारा हा माणूस सुट्टीत खाडीत रमायचा. खांदा निकामी झाला, वल्हं मारता येईना, म्हणून मला आणलं. माझा आवाज नसतो, त्यामुळे पक्षी उडत नाहीत. कॉलेजात शिकवणाऱ्या पद्मजाबाई दर पंधरवड्याला आमच्या होडीतून पक्ष्यांची मोजणी करू लागल्या.

यंदा दसऱ्यानंतर मला काय झालं कोण जाणे. हळू चालताना ठीक असायचे, पण वेग वाढवला की धाप लागून बंद पडायचे. एकदा तर भर ओहोटीत थांबले. होडी चिखलात रुतली आणि चंद्रप्रकाश नि पद्मजाबाई अशी दोघं पाच तास भरतीची वाट बघत बसली.

घरी आल्यावर चंद्रप्रकाशांच्या बायकोने, मालनने, तोंडाचा पट्टा सोडला. "जीव गेल्यावर शहाणे होतलास काय? ह्या शनिवारी पुन्हा थांबली, तर होडी इकूची. गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी."

"अगं, होडी गेली तर मी करू काय?"

"घरात बसा. माझ्यासारखे."

त्या रात्री चंद्रप्रकाश कमीच जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणातल्या पाण्याच्या पिंपाला अडकवलं. पंख्यात दोरा गुंतलाय का पाहिलं, नव्हता. फ्यूज पाहिला, शाबूत होता. बॅटरीला मीटर लावला: साडेबारा व्होल्ट, म्हणजे ती भरलेली. मग सगळा संशय माझ्यावर! मला दोनदा खोलून झाकलं. मी आतून धडधाकट होते, पण सांगणार कशी? आणि गंमत अशी, की मीटर ते नेहमी मला बंद करूनच लावायचे.

तिसऱ्या दिवशी मी पिंपात पाणी घुसळत असताना मालन चहा घेऊन आली. कप ठेवताना तिचा हात बॅटरीच्या टोकाला लागला.

"आई गं! ह्यां इतकां तापता कशाक?"

चंद्रप्रकाश दचकले. मी चालू असतानाच त्यांनी मीटर लावला. बॅटरीपाशी बारा, माझ्या तारेच्या टोकाला जेमतेम नऊ. वीज वाटेतच अडत होती! त्यांनी मला बंद केलं आणि नट सोडवला. तारेच्या कडीखाली सुकलेलं हळदकुंकू आणि दोन अक्षता चिकटलेल्या.

खंडेनवमीला मालनने माझी नि बॅटरीची पूजा केली होती. पूजेचं पुसायचं कसं, म्हणून चंद्रप्रकाशांनी त्याच्यावरच कडी बसवून नट आवळला होता.

"तुझ्या भक्तीने वाट लावली ना माझी!"

"आणि तुमच्या डोळ्यांक काय झालेलं? पुसूक हात मोडलेले?"

दोघं हसायला लागली. पॉलिश पेपरने टोकं घासली, कडी घट्ट बसवली. मीटर पुन्हा लावला: माझ्यापाशी पुरते पावणेबारा.

शनिवारी मालन स्वतः होडीत बसली, खात्री करायला. परतताना ओहोटीची ओढ अंगावर आली. चंद्रप्रकाशांनी हँडल पूर्ण फिरवलं. मालनने दोन्ही हातांनी फळी धरली. मी पाणी कापत सुटले आणि धक्क्यापर्यंत एकदाही अडखळले नाही. पद्मजाबाईंच्या वहीत त्या दिवशी एक हजार चारशे बारा फ्लेमिंगो लिहिले गेले.

माझ्या दांड्यावर आता ओरखडे आहेत, पंख्याचं एक पातं टवकलंय. तरी अजून बरीच वर्षं काढीन. एकच विनवणी: आम्हा यंत्रांना तपासायचं तर काम करताना तपासा. स्वस्थ पडलेलं असताना कुणाचंच दुखणं दिसत नाही.

त्या शनिवारी धक्क्याला लागताच मालनने फोन काढला. "होडी बघूक येऊ नका, भाऊ. नाय, नाय, भाव बरो होतो. पण आता आमीच बसतलो तिच्यात."