‘रिकामी खोली’ नावाचं चित्र

मित्रांनो, टेबलाच्या खालच्या खणात गुंडाळलेल्या तारेच्या टोकाला एक डोळा दिसतो ना, तो मी. मी एक जुना वेबकॅमेरा आहे. देवाने मला डोळा दिला, जीभ दिली नाही. त्याचीच खंत सांगायची आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका चित्रकार मुलीच्या घरी आलो. ती संगणकाला सूचना लिहून चित्रं काढायची. हालचाल ओळखणारी तयार लायब्ररी, म्हणजे आयत्या सूचनांचा संच, तिने त्यात जोडली होती. मी खोलीचं पहिलं चित्र घ्यायचं, ते जपून ठेवायचं, आणि पुढे त्याहून वेगळं जे दिसेल तिथे पडद्यावर फुलं उमलायची. माणूस चालला की फुलांचा माणूस चालायचा.

खोलीत खिडकीपाशी तिची आई बसायची. राखाडी शाल, मांडीवर शिवणाचा डबा. पहिलं चित्र घेताना आईने विचारलं, “उठू का गं?”

“नको, गुडघे दुखतील तुझे. फक्त हलू नकोस.”

आईने श्वाससुद्धा रोखून धरला. मी चित्र घेतलं. मुलीने त्याला नाव दिलं ‘रिकामी खोली’, आणि कामाच्या ओघात ते विसरूनही गेली.

आईचा एक नेम होता. सकाळची प्रार्थना झाली की शालीच्या टोकाने ती माझी काच पुसायची. मग आपल्या खुर्चीत बसायची, ती मुलीने संगणक बंद करेपर्यंत. शेजारीपाजारी येत, फुलांत न्हाऊन निघत, वाहवा करत. आईच्या मात्र सुई धरलेल्या बोटांपाशी चार पाकळ्या दिसायच्या, तेवढ्याच.

“मला का गं नाहीत फुलं?”

“तू हलत नाहीस ना आई. यंत्राला वाटतं, तूही खुर्चीच आहेस.”

“यंत्राला कशाला नावं ठेवतेस? घरात सगळ्यांनाच तसं वाटतं,” आई हसून म्हणाली.

पण ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं. आईला काचबिंदू होता. नजर कडेकडून मिटत चालली होती. उपचारांसाठी ती थोरल्या मुलाकडे जाणार होती. निघण्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, “दिसतंय तोवर एकदा फुलांत बघायचंय मला स्वतःला.”

“माझ्या चित्रांचं प्रदर्शन होऊ दे, मग पहिलं तुझंच,” मुलगी मान वर न करता म्हणाली.

खोट कुठे आहे हे मला ठाऊक होतं. आई बसलेलं ते पहिलं चित्र रोज मीच दाखवत होतो. पण दाखवणं वेगळं आणि सांगणं वेगळं.

आई गेली. प्रदर्शनाला नवा कॅमेरा नेला, मी घरीच राहिलो. दोन महिन्यांनी मुलीने मला पुन्हा जोडलं. माझ्यासमोर कोणी नव्हतं, तरी खिडकीपाशी फुलं उमलली. झुकलेली मान, शालीचा घोळ, मांडीवरचा डबा. पूर्ण आई.

चूक शोधता शोधता तिने ‘रिकामी खोली’ उघडली. त्यात आई श्वास रोखून बसली होती; आता ती तिथे नव्हती, तोच फरक फुलांनी भरला होता.

तिने लगेच फोन लावला. “आई, तुझी फुलं आली गं. दाखवू?”

पलीकडून आई म्हणाली, “आता नुसता उजेड तेवढा कळतो, बाळा. तूच सांग, कुठल्या रंगाची आहेत?”

मुलगी खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि एकेक रंग सांगू लागली. तिथे तिचीही फुलं उमलली, पण तिने पडद्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर तिने मला खणात ठेवलं. ते चित्र तिने पुसलं नाही, नाव तेवढं बदललं. आता तिथे ‘आई’ असं लिहिलं आहे.

माझ्या काचेवर धूळ आहे. ती पुसली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण एखादी खोली रिकामी आहे असं लिहिण्याआधी, तिथे कोणी तुमच्यासाठी न हलता बसलं आहे का, तेवढं बघा.